एफीने उघडलेली खिडकी

डंडी, ४ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

आज सात ते तीन वृद्धाश्रमात काम होतं. आरोग्य आणि देखभालीच्या पदवीसाठी ते करावंच लागतं. जेवण नीट होतंय, काळजी नको.

दहा वाजता गिलेस्पी आजोबा गेले. मी वहीत वेळ लिहू लागले, तेव्हा इथल्या जुन्या सेविका मॉरीनबाई म्हणाल्या, "अहो डिग्रीवाल्या बाई, लिहिणं नंतर. आधी खिडकी उघडा. म्हाताऱ्याच्या जिवाला बाहेर पडायला वाट नको?" कुणी गेलं की इथे सगळ्या हेच करतात. आमच्या पुस्तकात ते नाही.

आई गेली तेव्हा तिची देखभाल करणाऱ्या एफीने हेच केलं होतं. आईला गार वारा लागेल म्हणून मी खिडकी आपटून लावली आणि एफीला घराबाहेर काढलं. तेव्हापासून तुम्ही तिला दारात उभं करत नाही, ते माझ्यासाठीच ना?

चूक माझी होती. तिला वेगळं पत्र लिहिलंय. ती आली तर आत घ्या. तुमच्या पायाची पट्टी सध्या कोण बदलतंय?

सोबत राहणाऱ्या मुली गावी गेल्यात. आता उद्याच्या गणवेशाला इस्त्री करते.

तुमची,
इशबेल