मागे न जाणारं अंडं

१२ मार्च १९६०, शनिवार

आणलं बाई एकदाचं अंडं घरी! निळंशार, गोलमटोल, दोघांपुरतं. पुढे दोन चाकं, मागे एकच. दारही एकच, तेसुद्धा नाकावर – फ्रिज उघडावा तसं उघडायचं आणि आत शिरायचं. दाराबरोबर स्टिअरिंगही पुढे झुकतं. गल्लीतली पोरंटोरं गोळा झाली. कोपऱ्यावरचा मासेवाला ओरडला, "काय गं ऑड्री, उकडलेलं की कच्चं?"

आई खिडकीतून बघत होती. "चौथं चाक वाटेत पडलं का?" म्हणे.

१३ मार्च

शेजारचा सिरिल ही अंडी बनवणाऱ्या कारखान्यातच आहे. आज कुंपणावर रेलून त्यानं सगळा इतिहास सांगितला. मूळ कल्पना इटलीतल्यांची, ती जर्मनांनी उचलली, त्यांच्याकडून ती आमच्या ब्रायटनला आली. स्टेशनला चिकटून रेल्वेची इंजिनं बांधायची जुनी जागा होती, तिथे. आणि त्या जागेला रस्ताच नाही! सुटे भाग आगगाडीनं येतात, तयार गाड्या आगगाडीनं जातात, माणसं जिना चढून. जिथे रस्ता नाही तिथे मोटारी बनवायच्या – आमच्याशिवाय कुणाला सुचणार हे!

मागचं चाक एकच का, तर तीन चाकांना मोटरसायकलचा कर. मोटरसायकलचं लायसन्सही चालतं. फक्त कायद्यानं एक अट – गाडी मागे जाता कामा नये. म्हणून रिव्हर्स गिअर बंद करून देतात. माझ्या गाडीचा सिरिलनं स्वतःच्या हातानं बंद केलाय.

"मग मागे न्यायची कशी रे?"

"उतरायचं आणि ढकलायचं! तुझं लायसन्स लढाईतलं, मोटरसायकलचं. तुला मागे जायची परवानगी नाही, बाईसाहेब."

मागे नाही, आणि पुढे तरी कुठे? विसाव्या वर्षी नौदलाचे निरोप घेऊन अंधारात, दिवे झाकून पोर्ट्समथपर्यंत मोटरसायकल हाणायचे मी. आता एकोणचाळीस. रोज बूट विकायच्या दुकानात आणि दुकानातून घरी.

जाता जाता सिरिलनं बजावलं, "भिंतीकडे तोंड करून कधी लावू नकोस. दार उघडणार नाही, गाडी मागे येणार नाही. पबमधल्या बरणीत मुरवलेल्या अंड्यासारखी बसशील आत!"

म्हणून रोजची पद्धत ठरली. बाहेर उतरायचं, गाडी फिरवायची आणि शेपटीकडून गॅरेजात ढकलायची.

२० मार्च

मार्ज आली होती. लढाईतली माझी जोडीदारीण, तेव्हापासून नॉरिचला असते. आता मोटार शिकवायची शाळा काढतेय, बायकांसाठी. "भागीदार हवी तर तूच. मेच्या आत सांग. नाहीतर मला दुसरी बघावी लागेल, ऑड्री, रागावू नकोस."

मार्ज होती तोवर आई नुसती साखर. केक काय कापला, हसली काय! दार लागलं आणि काठ्यांची टकटक सुरू.

"जा ना. माझं काय, टाक कुठल्यातरी आश्रमात. महिनाभराचा तर प्रश्न आहे, त्यात मरेनच मी."

अकरा वर्षांपूर्वी लंडनची नोकरी मिळाली होती मला. निघायच्या आठवड्यातच आई जिन्यावरून पडली. तेव्हापासून दोन काठ्या, खालच्या खोलीत बिछाना, वरचा मजला तिनं पाहिलेला नाही. डॉक्टर म्हणतात हाड कधीच जुळलंय. आई म्हणते, "पाय त्यांचा आहे की माझा?"



२ एप्रिल

आज दिवसभर नॉरिचचा विचार केला नाही. खोटं. दुसरं काही केलंच नाही.

१० एप्रिल

आईला अंड्यात बसवून समुद्रावर नेलं. चालवणारा उजवीकडे, इंजिनही उजवीकडे, म्हणून तोल राखायला डावीकडे लोखंड घातलेलं असतं. सिरिल म्हणतो, "आईला बसवतेस तर लोखंड काढू का?" आई म्हणाली, "काढ की, मेल्या, आणि तुझ्या डोक्यात घाल." चिमणीएवढी आहे ती, पण जीभ बघा.

वारा इतका की अंडं डोलत होतं. मला वाटलं, घाबरेल. तर म्हणते, "हाण अजून!" गालांवर लाली. किती वर्षांनी मनापासून हसताना पाहिली! बापरे, मलाच रडू आलं.

घराच्या गल्लीत वळल्यावर परत कण्हायला लागली.

१८ एप्रिल

मार्जचा फोन. "काय ठरलं?" आई शेजारीच, विणकाम थांबवून बसलेली. म्हटलं, "बघू." सुया पुन्हा चालू झाल्या.

श्वास कोंडतो या घरात.

२४ एप्रिल, रविवार

 आजचं लिहायलाच हवं.

चर्चमधून परतताना गारा. गोट्यांएवढ्या! आई ओरडायला लागली, "मला भिजवून मारायचंय का? आत घाल गाडी, आत!" आणि मी – सिरिलनं इतकं बजावलेलं, दीड महिना पद्धत पाळलेली – सरळ नाकानं घुसवली. भिंतीला टेकेपर्यंत.

इंजिन बंद केलं तेव्हा कळलं.

दार उघडेना. गॅरेजची जमीन भिंतीकडे उतरती, म्हणजे गाडी मागे सरकणार नाहीच. हॉर्न दाबला. गारांच्या आवाजात कोण ऐकतंय! गल्ली जेवायला बसलेली, रविवारचं मटण सोडून कोण बाहेर येणार?

"हुशार गं माझी पोर," आई म्हणाली. "हिला मोटार शिकवायला बोलावतात लोक."

मग माझाही तोल सुटला. "अडकलेलीच आहे मी! आज नाही, अकरा वर्षं! या डब्यात काय आणि त्या घरात काय, तूच शेजारी!"

आईनं हातमोजे काढले, परत घातले.

वर कापडी छत होतं. मी ते मागे सारलं, सीटवर उभी राहिले, खांदे बाहेर काढले. आणि कंबर अडकली. ना वर, ना खाली! आईनं कोट ओढून ओढून मला खाली पाडलं.

"बस बाजूला. तुझ्या आकाराचं काम नाही हे."

आणि चढली! स्कर्ट खोचला, सीटवर पाय, टेकायच्या पाठीवर पाय, हातांवर जोर देऊन छतातून वर. गाडीच्या पाठीवरून घसरत खाली उतरल्याचा आवाज आला. मग पावलं. गारांवरून कुरकुर, भरभर. धावत होती! काठ्या इथे, माझ्या मांडीवर.

सिरिल तोंडात घास घेऊन आला. दोघांनी मागून ओढलं – दोघांनी! गाडी बाहेर आली, दार उघडलं. सिरिल आईच्या पायांकडे बघत राहिला, मग आभाळाकडे बघायला लागला. भला माणूस.

आईनं माझ्यापुढे हात केला. "काठ्या दे."

दिल्या. काय करणार होते? दिल्या, आणि दंडाला धरून घरात आणली. ती लंगडत होती. मी तिच्या चालीनं हळू चालत होते.

२५ एप्रिल

 चहा, टोस्ट, काठ्या. मी कालचं बोलले तर ती मोडेल. नाही बोलले तर मी.

२७ एप्रिल

दुकानात एका बाईला दोन्ही बूट डाव्या पायाचे दिले. मालक म्हणाले, "लक्ष कुठे आहे?" घरी आले, तर आई खिडकीत. अंड्याकडे बघत होती.

"बापरे, किती मजा आली मला," एवढंच म्हणाली. समुद्रावरची म्हणत होती की छतातून चढल्याची, मी विचारलं नाही.

३० एप्रिल

पहाटे उठले तर दाराशी माझी लढाईतली ट्रंक. माळ्यावर होती ती, जिने चढून, वरच्या शिडीच्याही वर. धूळ पुसलेली. काठ्या खुंटीवर, कोटांच्या मागे. आई स्वयंपाकघरात उभी राहून अंडी उकडत होती, पाठ माझ्याकडे.

"मार्जला फोन कर," म्हणाली. "आणि दर रविवारी ये. मी भिंतीजवळ उभी राहीन. तुला गाडी नाकानं आत घालू देणार नाही."