आत्या मागं वळून बघत नाहीत

१८ डिसेंबर

सुलाबाईंनी चार मिनिटांची फिल्म पूर्ण बघितली आणि विचारलं, "लगीन कुणाचं हाय हे?"

घरात एकटी बाई आणि दाराशी कुणीतरी आलंय — एवढंच दाखवायचं होतं मला. शेजारीण म्हणते लग्न! राग आला. पण परत लावून बघितलं तर तिचं खरं निघालं. आमच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून माझ्या हाताला तीच खोड लागलीय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणं, कारण जरा शांतता आली की पाहुण्यांना वाटतं कॅसेट बिघडली. (देतो आम्ही पेनड्राइव्ह, पण गंगाखेडात अजून कॅसेटच म्हणतात.) एक चित्र जाऊन दुसरं यायचं तर मधे गुलाबाच्या पाकळ्या. आणि आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी तोंडासकट दिसलाच पाहिजे, नाहीतर नवरीचा मामा स्टुडिओत येऊन भांडतो. मी चोरसुद्धा आहेर घेऊन आल्यासारखा समोरून दाखवलाय. पाकळ्यांतून.

हरिओम म्हणाले, "चांगलं तर हाय की. कलर लय भारी." नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, इथं लिहायला काय जातंय.

परभणीच्या एका कॉलेजानं थरारपटांची स्पर्धा ठेवलीय. पाच मिनिटांच्या आत, वीस जानेवारीपर्यंत पाठवायचं. स्टुडिओच्या पाटीवर हरिओमचं नाव, कॅसेटवर हरिओमचं नाव, आणि रात्रंदिवस कापणारी मी, प्रियांका. एकदा तरी कशावर तरी माझं नाव यावं. बास.

१९ डिसेंबर

पाकळ्या काढल्या. गाणं काढलं. मग उरलंच काय, काही नाही.

२१ डिसेंबर

भाकरी थापता थापता मोबाइलवर भीतीच्या फिल्मा बघायले. आज एक गंमत केली. एक प्रसंग आवाज बंद करून बघितला — बाई जिना चढते, एवढंच. काही वाटलं नाही. मग मोबाइल पालथा घालून नुसता ऐकला. लाकडी पायरी कुरकुरली आणि माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. भीती कानातून आत येते. डोळे तिच्यामागं धावतात.

दुसरं असं, की एकदम धाडकन काही झालं तर माणूस दचकतं आणि लगेच हसतं. पण दाराची कडी निघालेली आपल्याला आधी दाखवली, आणि आतली बाई आपली निवांत डाळ निवडायली, तर ओरडून सांगावंसं वाटतं. आपल्याला माहीत आहे, तिला नाही. मग कॅमेरा हलवायचा नाही, कापायचं नाही, लोकांना तसंच ताटकळत ठेवायचं. मी बावळट दर दोन सेकंदाला कापत होते!

सगळं नव्यानं शूट करावं लागणार. बाई कोण? मागच्या वेळी सुलाबाईंची सून राजेश्री होती, ती कॅमेऱ्याकडं बघून हसायची. आता ती माहेरी गेली पाथरीला. राहिल्या आमच्या सासूबाई. त्यांना आत्या म्हणते मी.

आत्यांना विचारायचं म्हणजे! दोन वर्षं झाली, हाक मारली तरी मागं वळून बघत नाहीत. माझ्या लग्नातल्या आरशाच्या कपाटासमोर बसायचं, स्वयंपाकघराकडं पाठ करून. मी विचारावं, आत्या भाजी काय करू? त्या गप्प. मग मीच बोलत राहते एकटी. "नका बोलू राणीसाहेब. मी काय, विकतची मोलकरीण." भाकरी होईपर्यंत माझी टकळी चालू असते. त्यांना त्याचंही काही नाही.

२४ डिसेंबर

आज त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले आणि सगळी गोष्ट सांगितली. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "करते की."

एवढं सोपं! मी उगाच तीन दिवस घाबरले.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, लगेच पोटात दुखलं. "आन मी?" चोर केलं त्यांना. फक्त पाय दिसणार म्हणल्यावर रुसले. "तोंडच दाखवायचं न्हाई तर मला कामून घेतलं?" त्यांना सांगितलं, मामा, तोंड दिसलं की भीती संपली. तोंड दिसलं की लोक म्हणतील हे तर आपले व्यंकटराव. ते पटलं त्यांना.

२६ डिसेंबर

बेजार झाले आज.

मामा चपला घासून-धुऊन आले. चोराच्या चपला लख्ख! त्यांना परत मातीत चालवून आणलं. आरशात मी आणि मोबाइलचा स्टँड दिसत होतो, म्हणून कपाटावर चादर टाकली. तेव्हापासून आत्या अस्वस्थ. "आरसा कामून झाकला?" दोनदा विचारलं.

त्यांना एकच काम होतं. डाळ निवडत बसायचं, मागं कडी वाजली की हात थांबवायचा आणि हळूच वळून बघायचं. मामांनी कडी वाजवली. आत्या डाळच निवडायल्या. परत वाजवली. नाहीच वळल्या. तिसऱ्यांदा मामांनी अशी वाजवली की सुलाबाई पळत आल्या, काय झालं म्हणून. आत्यांचं आपलं एकेक खडा काढणं चालू.

"आत्या, मुद्दाम करायलात का?" मी समोर जाऊन म्हणाले.

माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "झालं का?"

त्यावर कहर म्हणजे मामांचा कोपर लागून पितळी हंडा फरशीवर पडला आणि गडगडत भिंतीपर्यंत गेला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मोबाइल चालूच होता. वाया गेला सगळा दिवस.

२८ डिसेंबर

वाया गेला नाही!

हेडफोन लावून बसले. आधी मातीचे पाय. मग कडी, अगदी जवळून. मग आत्या — पाठमोऱ्या नाहीत, बाजूनं दिसतात, मांडीवर सूप. मागं धूसर दारात पाय. हंडा पडतो. गडगडतो. आणि बाई डाळ निवडते! आवाज जेवढा मोठा तेवढी ती शांत, आणि तेवढाच आपला जीव टांगणीला. कुठंच कापलं नाही. संगीताचा एक थेंब टाकला नाही. फक्त सुपात डाळ सरकल्याचा आवाज थोडा वाढवला.

हरिओम चहा घेऊन बघायला बसले. चहाला तोंडच लावलं नाही. "आई कसली ॲक्टिंग करायली गं."

मी पण म्हणाले, हो ना.

दुपारी परत लावलं, एकेक चित्र पुढं सरकवत. हंडा पडतो त्या चित्रावर थांबवलं. आत्यांचा चेहरा मोठा करून बघितला. हात शांत ठेवता येतो माणसाला. मान ताठ ठेवता येते. पापणीचं काय? ती आपोआप लवते. आत्यांची लवली नाही.

ही ॲक्टिंग नाही.

२९ डिसेंबर

अंगणात आत्या वेणी घालत बसल्या होत्या. मागं जाऊन मी स्टीलचं ताट हातातून सोडलं. चिमण्या उडाल्या. आत्या वेणीच घालत राहिल्या.

दोन वर्षं. भाजी काय करू, भाजी काय करू. मी ताट उचललं आणि न्हाणीत जाऊन रडले.

३१ डिसेंबर

गच्चीवर कपडे काढायला गेले होते. आत्या दुकानातून येत होत्या, रस्त्याच्या कडेनं, हातात पिशवी. मागून कारखान्याकडं जाणारा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतोय. टेपवर गाणी फुल. हॉर्नवर हॉर्न. आणि आत्या आपल्या चालीनं, मधेच पिशवी या हातातून त्या हातात घेत.

मी वरून ओरडायले, आत्या, आत्या! मला सगळं दिसत होतं, त्यांना काहीच नाही. हेच मी सूत्र म्हणून लिहून ठेवलं होतं ना? आग लागो त्या सूत्राला. इथं कापता येत नव्हतं, थांबवता येत नव्हतं.

ड्रायव्हरनं ऐन वेळी पलीकडं घेतलं. उसाची पानं त्यांच्या पदराला घासून गेली. "म्हातारे, बहिरी हायस का?" तो ओरडला. आत्यांनी पदर सारखा केला आणि चालू लागल्या. मी अनवाणी खाली पळाले, त्यांना धरलं, घरात आणलं.

समोर बसवून विचारलं, आत्या, ऐकू येत नाही ना?

हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस."

त्यांच्या थोरल्या जाऊ, सरजाबाई, यांचं असंच झालं होतं. "बहिरी हाय म्हणून कळलं आन तिच्याशी बोलणंच बंद केलं सगळ्यांनी. ताट वाढायचं, हातानं खुणवायचं. घरात सोयरीक जमली तर तिला हळदीच्या दिवशी कळलं. माणसात असून माणूस राहिली न्हाई ती." मग विचारलं, "तुझ्या शिनिमात दिसतंय का?"

दाखवलं त्यांना. हंडा गडगडताना बघितला त्यांनी, आवाजाशिवाय. "दिसतंय," म्हणाल्या. "ह्यांना न्हाई कळायचं. सुलाबाईला कळंल."

२ जानेवारी

काढून टाकला तो हंड्याचा भाग.

३ जानेवारी

फिल्ममध्ये जीव राहिला नाही. पाय येतात, कडी वाजते, संपलं. काल हरिओमनी डोक्याला हात लावला. "तेवढंच तर भारी होतं, येडी हायस का?" कॅमेरा हलला होता, मी म्हणाले. खरं सांगता येईना, खोटं नीट बोलता येईना. स्पर्धा गेली तर गेली. आत्यांच्या जिवावर मला नाव नको.

संध्याकाळी आत्या स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसल्या. "ते काढलंस का?"

हो म्हणाले.

"हरीच्या तोंडावरून कळलं." थोडा वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. "माझ्यासाठी काढलंस?"

मान हलवली मी.

"लाव परत. आन मला दवाखान्यात घिऊन चल."

९ जानेवारी

एसटीनं परभणीला जाऊन आलो, दोघीच. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, समोर बसून सावकाश बोलल्या. कानात मशीन बसवलं. आत्या डोळे मोठे करून इकडं तिकडं बघायल्या. मग हात हलवला, थांबवला, परत हलवला.

"बांगड्या एवढ्या वाजत्यात का गं?"

एसटीत कंडक्टरचं तिकीट फाडणंसुद्धा ऐकलं त्यांनी. मी खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले.

घरी सगळ्यांना त्यांनीच सांगितलं. मामा आधी चिडले, "मला सांगायचं न्हाई?" आणि मग जे बोलायला लागले! कुणाची म्हैस व्याली, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, दोन वर्षांचं सगळं. शेवटी आत्यांनीच मशीन काढून ठेवलं.

१८ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू आज केलं. वाण लुटून झाल्यावर भिंतीवर पांढरं धोतर लावून प्रोजेक्टरवर बायकांना फिल्म दाखवली. दारं लावली, पडदे ओढले. मी फिल्म बघितलीच नाही, बायकांकडं बघत होते. पाय आले तेव्हा कुजबुज चालू होती. कडी आली तेव्हा थांबली. मग नुसती डाळ. एकीच्या हातात तिळाचा लाडू अर्धाच राहिला.

हंडा पडला. बायका ओरडल्या. आणि सगळ्यांत जोरात कोण दचकलं, तर आत्या! स्वतःचाच हंडा पहिल्यांदा ऐकला त्यांनी.

सुलाबाई एकदम त्यांच्याकडं वळल्या, काही म्हणणार तेवढ्यात आत्याच म्हणाल्या, "तवा मला ऐकू येत न्हवतं. आता येतंय. बोल काय म्हणतीस?"

शेवटी नाव आलं. प्रियांका. मामा उठून म्हणाले, ते पाय माझे होते.

१९ जानेवारी

पाठवली.

२१ जानेवारी

भाकरी थापता थापता सवयीनं पुटपुटले काहीतरी. आत्या कपाटासमोर, माझ्याकडं पाठ. तिथूनच म्हणाल्या, "ऐकू आलं."

मी जीभ चावली. म्हणाले, आता जपून बोलावं लागणार.

"आधी दिसायचं," त्या म्हणाल्या, आणि आरशावर बोट टेकवलं.

मी जागेवरून उठून त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले. आरशात माझी चूल, माझा तवा, माझी बसायची जागा. तिथं बसलं की माझं सगळं तोंड दिसतं. राणीसाहेब, विकतची मोलकरीण, दोन वर्षं — सगळं वाचलेलं ओठांवरून. मला वाटत होतं, मला माहीत आहे आणि त्यांना नाही.

"मग उत्तर द्यायचं, एकदा तरी रागवायचं ना, आत्या."

"बोलले असते तर गप बसली असतीस," आत्या म्हणाल्या. "घरात माझ्यासंगं बोलणारं दुसरं कोण होतं?"