तांदळात लिहिलेलं नाव

मिल्टन कीन्स,
रविवार, १५ मार्च २०२६

चि. अंशुमन,

आशीर्वाद नेहमीचेच, त्यात कपात केलेली नाही. मदर्स डेची तुझी फुलं सकाळी दारात आली. ट्यूलिप छान आहेत. बाबांनी ते तांब्यात खोचून ठेवलेत, कारण फुलदाणी कुठे असते हे त्यांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही. त्यांचा गुडघा बरा आहे. खिडकीतल्या कुंडीत मेथी उगवली आहे, अलॉटमेंटवरच्या आपल्या भाड्याच्या वाफ्यात मात्र अजून थंडीच आहे.

तुझ्या मंत्र्याच्या ऑफिसातून हल्ली सगळंच पेपरात फुटतं, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. फुटलंच तर पेपरवाल्यांना आधी बाराखडी शिकावी लागेल. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. शनिवारच्या मराठी शाळेत तुला ओढत नेत होते ते काही फक्त दिवाळीच्या नाटुकल्यासाठी नव्हतं. अडलं तर बाबांना फोन कर.

बुधवारी तू म्हणालास, ''आई, प्लीज, धिस वीक तू कोणाशी बोलू नको. प्रेस सगळीकडे आहे. माझा नोकरी जाईल.'' मी 'बरं' म्हणाले. तुला वाटलं, मी कबूल झाले. माझ्या 'बरं'चा अर्थ एवढाच, की ऐकलं. हे तुझ्या बाबांना लग्नानंतर महिन्याभरात समजलं होतं.

पेपरातली ती बातमी मी दोनदा वाचली. ज्यांना या देशाने निर्वासित म्हणून आसरा दिला, त्यांना बायकामुलांना इथे आणायचा हक्क होता. नवे अर्ज तुम्ही थांबवलेतच. पण जे आधीच रांगेत होते, त्यांच्यासाठी तुझ्या मंत्र्याच्या ऑफिसातून गुपचूप सूचना गेली. बायकोचं नाव लग्नाच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर चौकशी करत बसू नका, फसवणूक धरा आणि अर्ज फेटाळा. आता मंत्री म्हणतात, मला काही ठाऊकच नव्हतं. नामानिराळे झाले आणि सगळं तुझ्या गळ्यात आलं. त्याचं मला वाईट वाटतं, शेवटी आई आहे. पण ईमेल तूच लिहिलास ना? 'खऱ्या कुटुंबात माणसांची नावं बदलत नाहीत.' हे वाक्य वाचून माझा चहा गार झाला. आणि खाली सही काय, तर 'अ‍ॅश'! तुझ्या पासपोर्टवर अ‍ॅश कुठे आहे रे? तुझ्या बारशाला मी कानात जे नाव सांगितलं ते तरी हे नव्हतं.

अलॉटमेंटवर आमच्या शेजारच्या वाफ्यात तेस्फाय असतो. इरिट्रियाहून आलेला निर्वासित. तुला आठवेल, मागच्या उन्हाळ्यात त्याने तुला टोमॅटो दिले होते आणि तू ''सो काइंड'' म्हणून पिशवी घेऊन गेलास. त्याची बायको साबा आणि मुलगी रूता शेजारच्या देशात, आदिस अबाबात, एका खोलीत राहतात. तो वाफा खणताना फोन टोपलीत उभा करून ठेवतो आणि रूता तिकडून बघते. मला ती 'आजी' म्हणते, मीच शिकवलंय. वडील तिला फोनमध्येच माहीत, कारण ते निघाले तेव्हा ती रांगत होती.

त्यांचं लग्न चर्चमध्ये झालं. त्यांच्या चर्चच्या दाखल्यावर बाप्तिस्म्याचं नाव घालतात. म्हणून साबा तिथे वलत्ता मरियम आहे आणि पासपोर्टवर साबा. जानेवारीत नकार आला. कारण, दोन नावं, म्हणजे फसवणूक. तेस्फाय मला विचारत होता, ''शामला, हाऊ डू आय प्रूव्ह माय वाइफ इज वन वुमन?'' उत्तर मला येत होतं, देत नव्हते.

आता ते लिहिते.

बँकवाले आईचं माहेरचं आडनाव विचारतात, तेव्हा तू 'आठल्ये' सांगतोस. बरोबर आहे. पण माझं माहेरचं नाव तुला कधी कुणी विचारलं नाही आणि तूही मला विचारलं नाहीस. श्यामला हे नाव मला वयाच्या तेविसाव्या वर्षी मिळालं. तोवर माझं नाव एका नदीचं होतं. तुझ्या आजीचं म्हणणं, नदीच्या नावाची सून करू नये, घरात ठरत नाही. मुलगी पसंत होती, नाव नव्हतं. लग्न लागून घरात आले, समोर ताटात तांदूळ पसरलेले, आणि बाबांनी अंगठीने त्यात 'श्यामला' लिहिलं. सगळ्यांना पेढे वाटले. मला कुणी विचारलं नव्हतं. रात्री मी बाबांना म्हणाले, ''तुमचं का नाही बदललं?'' ते अजून उत्तर शोधताहेत.

मग बाबा पुढे इकडे आले आणि मागून मी. पासपोर्ट आणि बी.एस्सी.ची पदवी नदीच्या नावाची, लग्नाचा दाखला श्यामलाचा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, यातली तुम्ही कोण? मी म्हटलं, दोघी. त्याने मला बाकावर बसवलं. काचेपलीकडे बाबा उभे होते, त्यांना आत येऊ देईनात. परतीच्या विमानाची गोष्ट चालली होती. मी घाबरले होते, पण त्याहून जास्त चिडले होते. नाव बदलायला लावलं एकांनी आणि चोर ठरवणार दुसरे!

बॅगेत आईने दिलेले आंबेमोहोर तांदूळ होते. मी पिशवी उघडली, त्याच्या टेबलावर मूठभर तांदूळ पसरले, बोटातली अंगठी काढली आणि आधी माझं नाव लिहिलं. हाताने पुसलं. मग त्यावर 'श्यामला' लिहिलं. ''धिस इज हाऊ,'' म्हटलं. तो गोरा तांदळावर वाकला. मग त्याने विचारलं, ''डिड यू माइंड?'' मी म्हटलं, ''येस.'' त्याने शिक्का मारला आणि तांदूळ गोळा करायला मला मदत केली.

अंशू, त्याने चौकशी केली. एवढंच केलं. तुझी सूचना तेव्हा त्याच्या टेबलावर असती तर मी परत गेले असते आणि तू हा ईमेल लिहायला जन्मालाच आला नसतास.

गुरुवारी तेस्फायच्या अपिलाची सुनावणी आहे. मी साक्षीदार आहे. हे बुधवारीच सांगायला हवं होतं, पण तू ऐकून घेण्याच्या अवस्थेत नव्हतास. त्याची वकील आपल्या महाराष्ट्र मंडळातली देवयानी आहे. साबाचा आवाज मी दर आठवड्याला ऐकते, रूता तिला काय हाक मारते हे मला माहीत आहे, असं सगळं निवेदनात लिहून त्यावर शुक्रवारी सही केली. शेवटी माझ्या दोन नावांचा परिच्छेद घातला. देवयानी म्हणाली, ''काकू, तुमचं सरनेम टिपणीस आहे. प्रेस दोन मिनिटांत कनेक्ट करेल. अंशुमनला डॅमेज होईल. आर यू शुअर?'' मी तिला सांगितलं, लपवायला मी काही चोरी केलेली नाही.

कुणी विचारलं तर मुलगा म्हणून तुझं नाव सांगेन. लाज वाटते का विचारलं, तर ईमेलची वाटते, मुलाची नाही, असं सांगेन. तुझी नोकरी कदाचित जाईल. त्याचं दुःख मला होईल आणि तू घरी आलास तर जेवायला वाढेन. पण त्या पोरीला टोपलीतल्या फोनमध्येच ठेवून तुझी नोकरी वाचवायची असेल, तर ते माझ्याकडून व्हायचं नाही. पुन्हा फोन करून गळ घालू नकोस. बाबाही माझ्या बाजूने आहेत. निदान गाडी तेच चालवणार आहेत.

सुनावणी दहाला आहे. मागे लोकांना बसायला खुर्च्या असतात. माझ्या शेजारची मी धरून ठेवीन. आलास तर बस. नाही आलास तर पर्स ठेवीन.

आंबेमोहोर आणला आहे. देवयानी म्हणते, तिथे परवानगी मिळणार नाही. बघू. अंगठी बोटातून निघत नव्हती, साबण लावून काढली. बाबांनी लिहिलेलं नाव मी आयुष्यभर वापरलं, चांगलं वापरलं, पण त्याखालचं पुसलं गेलं नव्हतं. निवेदनावर मी दोन्ही नावांनी सही केली आहे. तू पहिलं नाव वर्तमानपत्रात वाचू नयेस, म्हणून इथेच आधी लिहिते.

तुझी आई,
कालिंदी
आणि श्यामला