मिसुमी घराण्याचं नाव

३ एप्रिल १९३६, तोक्यो

मेजर जनरल! जे कालपर्यंत मला ओळख देत नव्हते ते आज कमरेत वाकत होते. वाका लेको, अजून वाका.

मुलगा नाही एवढंच खुपतं. किनुएसाठी नवरा ठरवलाय — तेइजी, लष्करी शाळेतला हुशार पोरगा, बाप शिंपी. आमच्या रिवाजाप्रमाणे जावई दत्तक घ्यायचा, त्याने आमचं नाव लावायचं. किनुए विचारते, "त्यांना आवडेल का?" आवडायचं काय त्यात! शिंप्याच्या पोराला मिसुमी हे नाव फुकट मिळतंय.

२१ मे

लग्न झालं. घराण्याच्या नोंदीत नाव चढलं. दोन पेले साके पोटात गेल्यावर तेइजी मला "बाबा" म्हणाला. बरं वाटलं. लिहिलं म्हणून काय, वाचणार कोण.

९ जुलै १९३९, मांचुरियाची सरहद्द

अख्खी ब्रिगेड माझ्या हाताखाली. समोर रशियन रणगाडे. आज एक तुकडी पाण्यावाचून मागे फिरली. तिच्या मेजरला सगळ्यांदेखत थोबाडला. "तहान लागली होती साहेब," म्हणे. सासुरवाडीला आलायस का रे?

२८ ऑगस्ट

धूळधाण. तेइजीची कंपनी रणगाड्यांखाली गेली. एकही परत नाही.

त्याच्या नावाने पेला ओतला. मेला तो शोभेल असा मेला! किनुएला तार करायला सांगितलं. थंडीत बाळ येणार आहे तिला.

२९ सप्टेंबर

लढाई थांबली, कैद्यांची अदलाबदल झाली. रशियनांनी परत दिलेल्यांत तेइजी आहे!! जिवंत. डोक्याला पट्टी, डावा कान गेलेला.

माझा अॅडज्युटंट कुसाका हसत सांगायला आला — "साहेब, अभिनंदन!" त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हसू जिथल्या तिथे विझलं. शत्रूच्या हाती जिवंत सापडलेला अधिकारी, आणि नाव मिसुमी! माझ्या बढतीचा कागद तोक्योत सहीला पडलाय.

३० सप्टेंबर

इस्पितळात गेलो. उठून बसायला धडपडला. "बाबा, तुम्ही आलात!" डोळ्यांत पाणी. मला किळस आली.

"शुद्धच नव्हती हो मला. शुद्धीवर आलो तर रशियन डॉक्टर समोर."

मी पिस्तूल उशाशी ठेवलं. अशा परत आलेल्या अधिकाऱ्याला बोलून काही सांगायचं नसतं. आपण बाहेर पडायचं, दार लावायचं, त्याने समजून घ्यायचं.

तो समजला. पाय धरले माझे. "साधा शिपाई करा, पुढच्या गोळीबारात उभा करा. तिथे मरतो. नाहीतर बाळाला एकदा बघू द्या, मग..." पाय सोडवून घेतला.

१ ऑक्टोबर

आवाज नाही. कुसाकाला पाठवलं. परत आला तो मान खाली घालून. "साहेब, ते जेवतायत. मुळ्याचं लोणचं मागितलं."

लोणचं! निर्लज्ज!

२ ऑक्टोबर

पुन्हा गेलो. शांतपणे बोललो. म्हटलं, दत्तक मोडतो. नोंदीतून नाव खोडतो. किनुए कैद्याची बायको, तिचं पोर कैद्याचं पोर. गल्लीतल्या बाया तिला पाण्याच्या नळावर उभं करणार नाहीत. आणि नीट मेलास, तर लढाईत पडला असं मी लिहीन. निवड तुझी.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "किनुएला सांगू नका." दार लावून घेतलं मी. व्हरांड्याच्या टोकाला पोचलो नाही तोच आवाज आला.

मिसुमीच निघाला शेवटी. कुसाका रडत होता, त्याला व्हरांड्यातून हाकलला.

१४ नोव्हेंबर, तोक्यो

बढती. लेफ्टनंट जनरल!

घरी गेलो. पांढऱ्या कापडात अस्थींची पेटी, दारात शेजारपाजार, "धन्य झालात" म्हणणाऱ्यांची रांग. किनुए प्रत्येकापुढे वाकत होती. डोळे कोरडे. शाब्बास! आत आल्यावर एवढंच म्हणाली, "गोळी समोरून लागली ना, बाबा?"

"समोरूनच."

खोटं कुठे बोललो?

८ जानेवारी १९४०

मुलगी झाली. चला! पुन्हा जावई शोधा, पुन्हा दत्तक घ्या.

१९ मार्च १९४५, ब्रह्मदेश

तीन आजारी शिपाई इंग्रजांकडे पळताना सापडले. झाडाला बांधून संपवले. गोळी वाया घालवली नाही. बाकीच्यांना बघायला उभं केलं. कैद म्हणजे काय, हे कळायला नको?

१६ ऑगस्ट

सम्राटांचा हुकूम — शस्त्रं खाली ठेवा. तलवारीला धार लावून घेतली. पोट कापायचं. उद्या.

१७ ऑगस्ट

उद्या.

२२ ऑगस्ट

कागद आला! सम्राटांच्या आज्ञेने शत्रूच्या ताब्यात जाणारा कैदी धरला जाणार नाही. स्वच्छ लिहिलंय, पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे मी कैदी नव्हेच!

११ सप्टेंबर, छावणी

मिसरूड न फुटलेल्या इंग्रज पोराच्या हातात तलवार दिली. मग जेवणाची रांग. मागे कुसाका. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, असाच एक कागद तेइजीसाहेबांनाही चालला असता." थोबाडणार होतो त्याला. पण हातात ताट होतं, सांडलं असतं.