मिश्रीचं प्रकरण

नळदुर्ग, ८ जानेवारी १९७३
मुलांसाठी पुस्तक लिहायचं ठरवलं. नाव, ‘शी! पूर्वीचे लोक’. डोक्यातल्या उवा, एकाच पाण्यात घरभराची अंघोळ, आणि तव्यावर जाळलेली तंबाखू, म्हणजे मिश्री, दातांना घासणं. वाचून माझ्या सहावीतली शरणम्मा तरी मिश्री सोडेल. अकराव्या वर्षी दात काळे!

९ जानेवारी
उवा आणि अंघोळ लिहून झालं. (सध्या आमच्याही घरी एकच बादली तिघांना पुरवतो. पण तो दुष्काळ. इतिहास वेगळा.) मिश्रीपाशी अडलो. स्वतः न घासता किळसवाणी म्हणणं प्रामाणिक आहे का? उद्या एकदाच घासणार.

१० जानेवारी, सकाळी ७
आईच्या डबीतली चिमूटभर घेतली. ती म्हणाली, “गिळू नगंस, थुक.” गिळली. भिंत धरून बसलो. उचक्या. साहित्य उत्तम.

११ जानेवारी
एका दिवसावरून निष्कर्ष काढणं घाईचं. आठवडाभर पाहू.

१९ जानेवारी
आज घासली नाही. न घासल्यावर काय होतं, तेही नोंदवायला हवं. जेवताना भाजीत मीठ नाही म्हणून बायकोवर ओरडलो. चांगुणा म्हणाली, “मीठ हाय. डबी घ्या अन् गप बसा.” घेतली. मीठ होतं.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर शाळेमागे. फक्त निरीक्षणासाठी.

३ फेब्रुवारी
आई म्हणाली, “म्या चाळीस वर्सं घासते, मला एक डबी म्हैना जाती. तुजं पुस्तक किती डब्यांचं हाय रं?” स्वतःची डबी आणली.
सवय नाही. लागली असती तर कळलं असतं.

१० फेब्रुवारी
वर्गात प्रकरण वाचलं. कोणी ‘शी’ केलं नाही. सिदू म्हणाला, “सर, ह्यात पूर्वीचं काय हाय? आमची आजी आत्ताबी घासतीय.” दुर्लक्ष केलं. मिश्रीला जे कधीच बोट लावणार नाहीत, त्यांनी हात वर करा म्हटलं. आधी माझा केला.
वर्ग खदाखदा हसला. माझी तर्जनी पेरापर्यंत काळी.
शरणम्मा हसली नाही. तास सुटल्यावर टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, “सर, म्याबी दोनदा सोडली. तीन दिसांच्या वर जमत न्हाय. सोडायची कशी, ते पुस्तकात कंच्या पानावर हाय?”
लिहून आणतो म्हणालो.

११ फेब्रुवारी, सकाळी ६
नवं पान. शीर्षक: ‘मिश्री कशी सोडावी’.

सकाळी ६.१०
पुढचं सुचावं म्हणून डबी शोधतोय.