मधल्या थराचं निळं लुगडं

डमडम, कलकत्ता
१४ जून १९७०

ती. सौ. मालतीताईस,
धाकट्या प्रतिभाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. डॉक्टरांनी जिना चढणं-उतरणं बंद केलंय, आणि हे बँकेत जाताना खिशातलं पत्र टाकायला विसरतात. सातवा लागला. मागच्या खेपेला इथवरसुद्धा पोचलो नव्हतो, म्हणून मोठ्याने बोलायचीही भीती वाटते. कऱ्हाडपर्यंतचा प्रवास तर नाहीच म्हणालेत, तेव्हा बाळंतपण इथेच. आई असती तर ती आली असती, हा विचार दिवसातून कितीतरी वेळा येतो.

एक चांगली बातमी. बाळाच्या गोधडीसाठी ह्यांनी हातीबागानच्या बाजारातून कापड आणलंय. पांढरंशुभ्र, हातात धरलं की कागदासारखं वाजतं! शिवायला सुरुवात करू ना?

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच, इतक्या लांबवर येताना तो वाटेत आटू नये.

तुझी,
प्रतिभा

कऱ्हाड
२५ जून १९७०

चि. सौ. प्रतिभास अनेक आशीर्वाद.

कागदासारखं वाजतं म्हणून खूष झालीस? अगं वेडे, ती खळ वाजते, कापड नव्हे. एक कोपरा दोन्ही अंगठ्यांत चोळ, पांढरी भुकटी पडेल. मग तो धुऊन उजेडासमोर धर. कुठे दाट, कुठे विरळ दिसलं तर समज की खळीनेच ते उभं होतं. त्याचे आपल्या साहेबांना पायजमे शिव. शिवाय बाळ यायच्या आधी नवं कापड घरात आणतं का कुणी? कलकत्त्याला जाऊन सगळंच विसरलीस.

गोधडीला जुनं सुती लुगडं लागतं, पण जुनं म्हणजे विरलेलं नव्हे. दोन्ही मुठींत धरून उभं-आडवं ओढायचं. कुरकुरलं की बाजूला. आईने या बाबतीत कुणाच्या कापडाला सूट दिली नाही. आणि कमी पडलंच तर लेकुरवाळ्या बाईच्याच घरचं मागून घे, भलत्या कुणाचं बाळाच्या अंगाला लावू नकोस. तुझ्या बाबतीत मला कसलीही जोखीम नको आहे.

पार्सलने आईचं निळं लुगडं पाठवतेय. कृष्णेच्या घाटावर धुऊन धुऊन त्याचा रंग पार फिका झालाय. तिचं आता एवढंच उरलं आहे. जपून राहा, आणि या रागीट बहिणीला मनातून काढू नकोस.

तुझी,
मालतीताई

डमडम
११ जुलै १९७०

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

लुगडं मिळालं. उघडल्याबरोबर तोंडावर धरलं. मग तू लिहिलंस तसं मुठींत धरून ओढलं आणि ते मधोमध फाटलं. आवाजसुद्धा झाला नाही गं. मी हमसून हमसून रडले. आईचं काहीतरी बाळाला लागावं एवढीच माझी इच्छा होती, आणि तेच माझ्या हातून गेलं असं वाटलं.

माझं रडणं ऐकून वरच्या मजल्यावरून मासीमा आल्या. या आमच्या घरमालकीण, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, जिभेने अशा तिखट की हे त्यांना बघून पेपरात डोकं घालतात. आईच्या साडीशी कुस्ती खेळायला कुणी सांगितलं, म्हणून त्यांनी मला आधी झापलं. (तुझं नाव सांगितलं नाही.) मग लुगडं हाताने न चाचपता गालाला लावलं आणि डोळे मिटले. भांडी घासून हात राठ होतात, त्यांना काय कळणार, कापड गालाने बघावं, असं म्हणाल्या. असा मऊपणा यायला एका बाईचं अख्खं आयुष्य लागतं म्हणे. ज्याच्यात जोर उरला नाही ते कापड मधे ठेवायचं, दोन्ही बाजूंना धड, न विरलेलं कापड घ्यायचं आणि जवळजवळ धावदोरा घालायचा, की त्याला स्वतःला ताण सोसावाच लागत नाही. त्यांच्याकडे कांथा, म्हणजे गोधडी, अशीच करतात.

नंतर वर जाऊन त्यांनी त्यांच्या आईची साडी आणली. पांढरी, लाल काठाची, ढाक्याची. फाळणीत तिकडचं सगळं सोडून आल्या, तेव्हा हीच बरोबर होती. ताई, मी असं कापड जन्मात पाहिलं नाही. खिडकीशी धरलं तर पलीकडच्या नारळाची झावळी न् झावळी दिसली. माणसाच्या हाताने एवढा बारीक धागा काढला आणि विणला, या विचाराने अंगावर काटा आला. आणि एवढं तलम असून, भीत भीत ओढलं तर कुरकुरलं नाही!

ती माझ्या हातात देता देता मात्र मासीमा थबकल्या. आपल्याला मूल नाही, तेव्हा बहिणीला आधी विचारून घे, असं त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्यातही तो नियम आहे. साडी खुर्चीवर घडी करून ठेवली आहे, मी सुईला हात लावलेला नाही. लवकर लिही. तुझ्या शब्दाची वाट बघणारी,

प्रतिभा

कऱ्हाड
१९ जुलै १९७०

चि. सौ. प्रतिभास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. ह्यांनी चहाबद्दल विचारलं तर मी पत्रच त्यांच्या हातात दिलं.

घरदार सोडताना ज्या बाईंनी आईची साडी तेवढी उराशी धरून आणली, आणि आज ती परक्या मुलीच्या बाळासाठी कापायला काढली, त्यांना लेकुरवाळी म्हणायचं नाही तर कुणाला? मी कोण त्यांची कूस मोजणार? सुई ओव. आणि पहिला टाका त्यांच्याच हातून घालून घे. सांग, माझ्या ताईचा निरोप आहे.

मासीमांना माझा वाकून नमस्कार. माझा लोभ यापुढे त्यांच्यावरही आहे असं कळव.

तुझी,
मालतीताई

डमडम
६ ऑक्टोबर १९७०

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तारेत लिहिता आलं नाही ते सगळं आता लिहिते. मुलगी लहानखुरी आहे, पण आवाज दणदणीत. आम्ही दोघीही सुखरूप.

गोधडी वेळेवर झाली. तुझा निरोप सांगितला तेव्हा मासीमांनी चष्मा पुसला आणि पहिला टाका घातला. मग त्यांनी सुई सोडलीच नाही, चारही कडा त्यांच्याच हातच्या आहेत. आणि ताई, एक गोष्ट आम्हा दोघींच्याही ध्यानात आली नव्हती. ते ढाक्याचं कापड इतकं तलम, की मधे घातलेलं आईचं निळं लुगडं वरून दिसतं! पांढऱ्याखालून फिकट निळं, पहाटेच्या आभाळासारखं. गोधडी पहिल्यांदा पसरली तेव्हा आम्ही कितीतरी वेळ नुसत्या बघत बसलो. हेसुद्धा पेपर बाजूला ठेवून आले.

काल पोरीला गोधडीवर ठेवलं, तर तिने मुठीत कापड पकडलं आणि लाल होईपर्यंत ओढलं, अगदी तू सांगतेस तसं. मी श्वास रोखून बसले, मासीमा गालात हसत होत्या. कुरकुरलं नाही, ताई. आई कुरकुरली नाही.

तुझा लोभ आता आम्हा तिघींमध्ये वाटून दे.

तुझी,
प्रतिभा