ब्रेकला गोडं तेल

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार
सून गौरम्मा लिहिते, मी सांगते. अक्षर तिचं, अक्कल माझी.
रविवारी अक्कलकोटला धाकट्या बहिणीच्या, चन्नव्वाच्या, नातवाचं बारसं. मी निरोप धाडला, की मी लेकाच्या मोटारसायकलवर बसून येणार. तिचा उलटा निरोप आला: ये की, मी एस्टी स्टँडवर घ्यायला उभी राहते. मेलीला माझं कधी बरं बघवलं न्हाय. आता तर मोटारसायकलनंच जाणार.

७ फेब्रुवारी, मंगळवार
लेक वीरभद्रप्पा म्हणतो, पुढचा ब्रेक मऊ पडलाय, ऑईल बदलल्याशिवाय गाडीला हात लावायचा न्हाय. गाडी जपानी, बोटीवर नोकरीला असलेल्या जावयानं आणलेली. पुढच्या ब्रेकला तार न्हाय, ऑईलची नळी. ऑईल पुण्याहून येणार. कधी? पुढच्या आठवड्यात. म्हणजे बारशाच्या घुगऱ्या संपल्यावर!
ऑईल म्हणजे तेलच की. तीस वर्षं शिवणयंत्राला तेल मीच घालते. यंत्र तक्रार करत न्हाय.

८ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी
लेक दुकानात. हँडलवरच्या डबीचे दोन स्क्रू सुरीनं काढले. आत चहासारखं काळं पाणी. कापसानं टिपून वाटीत पिळलं. वर करडईचं गोडं तेल घातलं. घाण्यावरचं, ताजं. पोटच्या पोराला देते तेच गाडीला दिलं.
दांडी शंभर वेळा दाबली. कशी कडक झाली!
वाटी तेवढी टाकीवर कलंडली. पुसली तर लाल रंग फडक्याला आला. जपानचा रंगच कच्चा.
गौरम्मा सासूला कानडीत अत्ती म्हणते. विचारते, अत्ती, यांना सांगू का? मी म्हणाले, सांगू नको, आणि हे लिहूही नको.

१० फेब्रुवारी, शुक्रवार
वीरभद्रप्पा चक्कर मारून आला तो खूष. ब्रेक आपोआप बरा झाला म्हणे! हसू दाबून माझं पोट दुखलं. टाकीवरचा डाग पाहून मात्र गल्लीतल्या समद्या मांजरांना शिव्या दिल्या. मीपण दिल्या.
संध्याकाळी लोडावर एका बाजूनं बसायचा सराव केला. दोनदा पडले. लोड घसरतो, मी न्हाय.

१२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
इरकल नेसले. लेकाचा गॉगल लावला. गौरम्मा तोंडाला पदर लावून आत पळाली. हसू दे. चन्नव्वाचं तोंड बघायचंय मला. निघाले.

१३ फेब्रुवारी, सोमवार
कुंभारीपर्यंत राणीसारखी गेले. मग गाडी जड झाली. पुढं भज्यांचा वास सुटला. मी म्हणाले, कोण तळतंय रं? लेक म्हणाला, ह्या रानात कोण तळणार? बघतो तर पुढच्या चाकातनं धूर. चाक जाम झालं. आमी पडलो न्हाय, एवढं मोठ्या अक्षरात लिही.
चाक निवून सुटल्यावर ढकलत वळसंगला नेली. तिथला फिटर ईरप्पा. त्यानं ब्रेक उघडला. आतलं रबर भिजवलेल्या हरभऱ्यागत टम्म फुगलेलं. डबीत बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं. म्हणाला, मालक, करडईचं हाय. चांगलं हाय, पर भाजीत घाला.
वीरभद्रप्पानं माझ्याकडं बघितलं. मी जोंधळ्याकडं बघितलं.
तो तिथंच थांबला, मला एस्टीत बसवलं. मीपण कच्ची न्हाय. बेत केला, की स्टँडच्या अलीकडं उतरायचं, इरकलीवर थोडी धूळ टाकायची, गॉगल लावून चालत जायचं आणि सांगायचं, गाडी कोपऱ्यावर ठेवली. तर कंडक्टर मेला मधे थांबेना. म्हणाला, आजी, स्टँडलाच उतरा.
उतरले. गॉगल तसाच.
समोर चन्नव्वा, हातात छत्री. म्हणाली, अक्का, सकाळपासून ही तिसरी एस्टी.